ऑगस्टचं वीजबिल

आमच्या वहिनीच्या काजू युनिटात सरकारी हिशेबाने आठ माणसं कामाला आहेत. मला दिसतात तीन: वहिनी आणि शेजारच्या दोन काकी. परवा विचारलं तर म्हणाली, "भावजी, आठ खंयसून आणू? घरात सगळी मिळान पाच आसव, त्यातली दोनां मुंबैक."

हसलो खरा, पण घरी येऊन आकडे काढून बसलो. वहिनीने ज्या योजनेतून अनुदान आणि कर्ज घेतलं तो पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, २०२१-२२, देशभर: १,०३,२१९ उद्योग, ८,२५,७५२ रोजगार. भागून बघा. बरोब्बर आठ, खाली काही उरत नाही. दारोदार जाऊन कोणी डोकी मोजलेली नाहीत, एका युनिटमागे आठ धरायचे एवढंच. वहिनीच्या शेडमधली ती न दिसणारी पाच माणसं तिथली आहेत.

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. याच योजनेतून चाललेल्या बेकऱ्या, गॅरेजं मी बघितली आहेत. माझं भांडण उद्दिष्टाशी आहे. जिल्ह्याला उद्दिष्ट येतं ते प्रकरणांचं. अमुक इतकी मंजूर करा. मग मार्च जवळ आला की वर्षभर झोपलेल्या फायलींना पाय फुटतात, आणि मंजुरीचं पत्र हातात पडलं की त्या माणसाशी आकड्याचा संबंध संपतो.

वहिनीचं युनिट का रखडतं ते सांगतो. मशीनसाठी कर्ज मिळालं. पण काजू बी येते मार्च ते मे. वर्षभर फोडायची बी त्या अडीच महिन्यांत रोख पैसे मोजून भरून ठेवावी लागते. तेवढं खेळतं भांडवल तिच्याकडे नाही, व्यापाऱ्याकडे आहे. त्यामुळे चांगली बी ट्रकात बसून जाते, आणि जूनच्या शेवटी वहिनीच्या शेडमध्ये फोडायला काही नसतं. त्यात पाऊस. लाईन गेली की दोन दिवस येत नाही, आली तर दाब एवढा कमी की मोटर नुसती गुरगुरते. गेल्या श्रावणात गेलो तर ड्रायरवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर मांजर. काकींच्या बोटांवरचे तेलाचे काळे डाग मात्र तसेच होते. ते सीझन संपला म्हणून जात नाहीत.

गंमत म्हणजे झाडाच्या कलमाच्या बाबतीत हेच सरकार शहाणं आहे. १९९० साली रोजगार हमीला फळबाग जोडली आणि कातळावर, वरकस जमिनीत आंबा-काजू उभा राहिला. २०१८ च्या फुंडकर फळबाग योजनेत तर अनुदान तीन वर्षांत मिळतं: ५०, ३०, २० टक्के. पुढचा हप्ता हवा तर कोरडवाहूत ८० टक्के झाडं जिवंत दाखवा. म्हणजे खड्डे किती मारले ते नाही, जगलं किती ते विचारतात. उद्योगाचं अनुदानही तीन वर्षं बँकेत अडकवून ठेवतात, नंतर तपासणी होते, हे मला माहीत आहे. आमच्याकडेही झाली. आदल्या दिवशी मांजर हाकललं, बोर्ड पुसला, बोर्डासमोर फोटो. पण त्या तपासणीत किती युनिटं जिवंत निघाली, हा आकडा जिल्ह्याच्या उद्दिष्टात कुठेच येत नाही. कलमाला जो न्याय, तो वहिनीला का नाही?

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाची ८.६९ वरून ८.५० वर. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. त्यावर लगेच "कोकणात काम नाही" म्हणू नका. आंब्याच्या बागेत राखणीला आणि ट्रॉलरवर खलाशी म्हणून नेपाळहून पोरं येतात. काम आहे, पण १ जूनला मासेमारी बंद झाली की संपणारं. आमच्या पोरांना बारा महिने पगार देणारी नोकरी हवी, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

म्हणून उद्दिष्ट लावायचंच तर साधं लावा. युनिट सुरू झाल्यापासून तिसऱ्या वर्षीचं ऑगस्टचं वीजबिल बघा. भर पावसात मोटर फिरली असेल तर तो उद्योग, नाहीतर ती नुसती शेड. मग जिल्ह्याच्या साहेबालाच झक मारत मशीनबरोबर बी भरायला कर्ज, तारण ठेवायला गोदाम आणि धड वीज यांच्या मागे लागावं लागेल, कारण त्याचा आकडा त्यावर ठरेल. उद्दिष्ट निम्म्याहून कमी झालं तरी चालेल. तालुक्यात पन्नासऐवजी वीस द्या, पण वीस चालू द्या.

वहिनीला हे सगळं ऐकवलं. ती चतुर्थीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी पाव किलोची पाकिटं भरत होती, बी व्यापाऱ्याकडूनच उधार आणलेली. म्हणाली, "ऑगस्टाचा बिल? गेल्या वर्साचा दाखवतंय थांब." आणलंन. स्थिर आकार तेवढा होता.