पृथ्वीला हलू न देता विश्व चालवण्याची रीत

जुन्या ग्रीकांसारखं विश्व चालवायला घेणार असाल तर सगळ्यात आधी पृथ्वी मधोमध बसवा. ती हलणार नाही, हे एकदा सांगून टाका. बाकी कशातही घासाघीस चालेल, यात नाही.

दुसरी अट अशी, की आकाशात जे काही फिरतं ते वर्तुळातच फिरेल आणि एकसारख्या गतीनेच फिरेल. कोणी कारण विचारलंच तर प्लेटोचं नाव पुढे करा. ग्रह वेडेवाकडे चालताना दिसतात, तर कोणत्या एकसमान वर्तुळाकार गती मानल्या म्हणजे ते तसे दिसतील ते शोधा, असा गृहपाठ त्याने दिला होता म्हणतात. उत्तर कसं असलं पाहिजे ते प्रश्नातच सांगून टाकलं, की विद्यार्थी भलतीकडे भरकटत नाहीत. शिवाय गृहपाठ देणाऱ्याला तो सोडवावा लागत नाही.

आता मंगळ त्रास देणार, ही खूणगाठ बांधून ठेवा. तारकांमधून पूर्वेकडे मुकाट चाललेला असतो, मध्येच थबकतो, अडीचेक महिने उलटा पश्चिमेकडे जातो, पुन्हा थबकतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघतो. साधारण 780 दिवसांनी पुन्हा तेच. 'मंगळ वक्री' असे दोन शब्द पंचांगात वाचले की तुमचं-आमचं भागतं, पुढचं ज्याच्या राशीला येईल तो बघून घेतो. भविष्याची हौस ग्रीकांनाही होती, खगोलज्ञ टॉलेमीने तर फलज्योतिषावर चार भागांचा ग्रंथच लिहिला. पण भविष्य सांगायचं तरी ग्रह पुढच्या महिन्यात कुठे असेल ते आधी काढावं लागतं, आणि तिथेच घोडं अडतं.

अशा वेळी गोल वाढवा. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात क्नायडसच्या युडॉक्ससने ग्रहांना वाहून नेणारे, एकात एक बसणारे गोल कल्पिले, सगळ्यांचा मध्य पृथ्वी. सूर्याला तीन, चंद्राला तीन, पाच ग्रहांना प्रत्येकी चार, असे 26. प्रत्येक ग्रहाचे आतले दोन गोल किंचित कललेल्या अक्षांभोवती एकमेकांच्या उलट फिरतात, त्यातून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट निघते आणि ग्रह मागे-पुढे जाऊ शकतो. गणित म्हणून हे इतकं देखणं आहे की इथे चेष्टा करवत नाही.

फक्त एक खोट राहते. सगळ्या गोलांचा मध्य पृथ्वीच असल्यामुळे मंगळ आपल्यापासून कायम तेवढाच लांब राहतो. प्रत्यक्षात उलटा चालताना तो डोळ्यांत भरेल इतका झगमगतो. एखाद्या चांगल्या प्रतियुतीत (म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असताना) त्याची तेजस्विता अगदी मंद असतानाच्या पन्नास पटींहून जास्त होते. यावरचा उपाय युडॉक्ससच्या परंपरेतल्या पोलेमार्कसकडून शिका. तेज बदलतं हे त्याला माहीत होतं, पण तो फरक जाणवण्याइतका नाही असं म्हणून त्याने विषय मिटवला. ही युक्ती जपून वापरा, अडीअडचणीला फार कामी येते.

युडॉक्ससच्या 26 गोलांचे कॅलिपसने 33 केले. मग अॅरिस्टॉटल आला. त्याला हे गोल नुसते कागदावर नको होते, खरेखुरे हवे होते. खऱ्या गोलांत वरच्या ग्रहाची ओढाताण खालच्याला लागणार, म्हणून ती रद्द करायला त्याने उलटे फिरणारे आणखी 22 गोल घातले. एकूण 55. पुढे तोच म्हणतो, सूर्य-चंद्राच्या जादा गती धरल्या नाहीत तर 47 पुरतील. बेरीज-वजाबाकी केली तर 49 येतात. ते दोन गोल कुठे गेले यावर भाष्यकारांनी शतकानुशतकं डोकं खाजवलं, पण तेवढ्यासाठी कोणी पृथ्वी हलवा म्हणालं नाही. तुमच्याही हिशेबात दोन-चार गोल इकडेतिकडे झाले तर जीव टांगणीला लावू नका.

गोलांनी भागेनासं झालं की वर्तुळावर वर्तुळ चढवा. पर्गाच्या अपोलोनियसने या रचनेचं गणित मांडलं. मोठ्या वर्तुळाच्या परिघावरून एका छोट्या वर्तुळाचा मध्य सरकतो आणि त्या छोट्या वर्तुळावर, म्हणजे उपवृत्तावर, ग्रह फिरतो. छोट्या वर्तुळाच्या आतल्या बाजूला आला की तो आपल्या जवळ येतो आणि मागे जाताना दिसतो. म्हणजे वक्री आणि तेजस्वी, दोन्ही एकदमच. ज्याला ही रचना बावळटपणाची वाटते त्याने ती एकदा कागदावर काढून बघावी. (टॉलेमीने उपवृत्तांवर उपवृत्तांची चळत रचली असं जे ऐकायला मिळतं ते खोटं आहे. मंगळाला त्याने एकच दिलं.)

ऋतूंचं प्रकरण मात्र नाजूक हाताने सोडवा. ग्रीक खगोलज्ञ हिप्पार्कसच्या मोजणीप्रमाणे वसंतसंपातापासून (वसंतातल्या समान दिवस-रात्रीपासून) उन्हाळ्यातल्या अयनदिनापर्यंत (सगळ्यात मोठ्या दिवसापर्यंत) 94½ दिवस आणि तिथून शरदसंपातापर्यंत 92½. म्हणजे अर्धं वर्तुळ 187 दिवसांत आणि उरलेलं अर्धं 178 दिवस आणि वर थोडंसं. सूर्याने तर एकसारखंच चालायचं ठरलेलं! हिप्पार्कसने सूर्याच्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीपासून त्रिज्येच्या चोविसाव्या भागाइतका बाजूला नेला आणि हिशेब जुळवला. इथे भाषा सांभाळा. पृथ्वी मध्यावरून ढळली असं चुकूनही म्हणू नका, मध्य ढळला म्हणा.

एवढं पचलं तर टॉलेमी पचेल. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून त्याने तेरा खंडांचा ग्रंथ लिहिला, पुढे अरबीतून तो 'अल्माजेस्ट' या नावाने ओळखला गेला. मंगळ अजूनही नीट जुळत नव्हता. टॉलेमीने काय करावं? मोठ्या वर्तुळाचा मध्य एका ठिकाणी, पृथ्वी त्याच्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर तिसराच बिंदू. गती एकसारखी दिसते ती त्या तिसऱ्या बिंदूवरून, जिथे कोणीच राहत नाही. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. पण ग्रह जागच्या जागी सापडू लागले, आणि अट मोडली असं कोणाला पटकन म्हणताही येईना. नियम मोडायचाच असेल तर त्याच्याच नावाने मोडावा.

चंद्राबाबतीत तर गप्प बसणं उत्तम. टॉलेमीच्या रचनेत चंद्राची जागा छान जुळते, पण त्यासाठी तो काही अर्धचंद्रांच्या वेळी पृथ्वीच्या 64 त्रिज्यांवरून 33 त्रिज्यांवर येतो. म्हणजे तो जवळजवळ दुप्पट रुंद दिसायला हवा. तसा तो दिसत नाही, हे गच्चीवर गेलेल्या पोरालाही कळतं. 'अल्माजेस्ट'मध्ये याबद्दल अवाक्षर नाही. उलट नंतरच्या ग्रंथात त्याच 64 वर बुध बसवला, बुधावर शुक्र, त्याच्यावर सूर्य, असं रचत रचत पृथ्वीच्या 20,000 त्रिज्यांचं अख्खं विश्व उभं केलं. अडचणीचा आकडा लपवत बसण्यापेक्षा त्याच्यावर मजला चढवावा, मग तो पायात गाडला जातो.

कारकुनाने शोधून आणलेला योगायोग मात्र दाबून टाका. बुध आणि शुक्र यांच्या उपवृत्तांचे मध्य सरासरी सूर्याच्या (एकसारख्या गतीने चालतो असं मानलेल्या सूर्याच्या) रेषेतच राहतात. मंगळ, गुरू, शनी यांच्या उपवृत्तांवरची ग्रहाकडे जाणारी त्रिज्या पृथ्वीकडून त्याच सरासरी सूर्याकडे जाणाऱ्या रेषेला कायम समांतर असते. पाचही ग्रहांच्या यंत्रात सूर्याचं काही ना काही सापडतंच. हे टॉलेमीला ठाऊक नव्हतं असं नाही, त्याच्या आकडेमोडीचा तोच पाया होता. असं का, हे त्याने फक्त विचारलं नाही.

टॉलेमीच्या कितीतरी आधी एकाने पृथ्वीच हलवून पाहिली होती, त्याचं काय झालं तेही ऐका. सामोसच्या अॅरिस्टार्कसने सूर्य पृथ्वीच्या सहा-सात पट रुंद ठरवला (खरा आकडा शंभराच्या वर आहे) आणि पृथ्वीच सूर्याभोवती फिरते असं मांडलं. आर्किमिडीजने ते नोंदवून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, विश्वाची चूल (म्हणजे पृथ्वी) जागची हलवली म्हणून अॅरिस्टार्कसवर अधर्माचा खटला भरावा असं तत्त्वज्ञ क्लिआन्थिसचं म्हणणं होतं. खटल्यापेक्षा साधी शंका जास्त परिणामकारक ठरते: पृथ्वी फिरत असेल तर तारे वर्षभरात किंचित सरकलेले का दिसत नाहीत? तारे अतोनात लांब आहेत, हे अॅरिस्टार्कसचं उत्तर बरोबर होतं. फक्त ते सरकणं मोजायला 1838 साल उजाडलं. तोवर तुम्ही शांतपणे 'पुरावा दाखवा' म्हणू शकता, आणि गंमत म्हणजे तुमचं बरोबरच असेल.

टॉलेमीनेही पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा विचार केला होता. ताऱ्यांपुरतं पाहिलं तर तसं मानायला काही आड येत नाही, हे त्याने मान्य केलं. मग ढग आणि फेकलेल्या वस्तू मागे पडतील, म्हणून ही कल्पना हास्यास्पद, असा निकाल दिला. आणि एवढी चक्रं कशाला, असं कोणी म्हणेल, म्हणून तेराव्या खंडात उत्तरही तयार ठेवलं: माणसाच्या जोडणीवरून आकाशाचं मोजमाप करू नका, आपल्याकडे जे गुंतागुंतीचं वाटतं ते तिथे अडखळत नाही. हे पाठ करून ठेवा, कुठल्याही गुंतागुंतीला चालतं.

इतकं करूनही पृथ्वी हातची गेलीच, तर निदान वर्तुळ सोडू नका. कोपर्निकसने 1543 मध्ये सूर्य मध्याजवळ आणला, पण वर्तुळं ठेवली, छोटी उपवृत्तंही ठेवली. त्याला खरी चीड होती ती टॉलेमीच्या त्या तिसऱ्या बिंदूची. एवढं पथ्य मात्र पाळा: टायको ब्राहीसारख्या माणसाला निरीक्षणं घ्यायला ठेवू नका. त्याच्या मंगळाच्या नोंदी आणि केप्लरचं वर्तुळ यांत 8 कलांचा (एका अंशाच्या साठ भागांतल्या आठांचा) फरक निघाला आणि 1609 मध्ये वर्तुळही गेलं. टॉलेमीच्या काळात एवढासा फरक कोणाच्या खिजगणतीतही नसता.