पालथा घडा : अभ्यासगटाच्या सदस्यांसाठी मार्गदर्शन

संख्याशास्त्र शिकण्यासाठी स्थापन झालेल्या एका ऑनलाइन अभ्यासगटात गेल्या आठवड्यात मी एक प्रश्न विचारला, आणि त्यानंतर जे घडले त्यातून सामूहिक शिक्षणाची काही तत्त्वे माझ्या ध्यानात आली. ती स्वतःपाशीच ठेवणे गटाच्या परंपरेला अधिक साजेसे झाले असते. तरीही नवागतांच्या सोयीसाठी येथे मांडतो.

प्रथम गटात सामील व्हावे. शिकण्याची तळमळ सिद्ध करण्यास एवढे पुरते.

कोणी काही लिहिले की अंगठा उमटवावा. वाचण्याची अट नाही. (अंगठा ही पूर्वी निरक्षरांची सही होती, हा योगायोग समजावा.)

साप्ताहिक चर्चेला कॅमेरा बंद व माइक म्यूट ठेवून उपस्थित राहावे, आणि शेवटी रेकॉर्डिंगची आग्रहाने मागणी करावी.

व्हिडिओ दुप्पट वेगाने आणि वारंवार पाहावेत. मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिले आहे की, डार्ट फेकण्याचा व्हिडिओ 20 वेळा पाहणाऱ्यांना आपला नेम चांगला लागेल अशी खात्री एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा अधिक वाटते. प्रत्यक्ष नेम मात्र त्यांच्याहून चांगला लागला नाही. पण आपल्याला नेमाशी काय कर्तव्य? खात्री मिळाली, अभ्यास झाला.

आता मुख्य विषय, म्हणजे कोणी शंका विचारल्यास काय करावे. माझी शंका अशी होती : नमुन्यावरून प्रमाण विचलन (संख्या सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याचे माप) काढताना निरीक्षणांच्या संख्येतून एक वजा करून का भागायचे? पुस्तकात सूत्र होते, कारण उमगत नव्हते. अशा वेळी आदर्श सदस्य तीन लिंक पाठवतो, ज्यांपैकी एक उघडत नाही. त्याहून आदर्श सदस्य शंका जशीच्या तशी चॅटबॉटला विचारतो आणि सात मुद्द्यांचे, ठळक उपशीर्षकांनी सजलेले उत्तर दोन मिनिटांत गटात चिकटवतो. मला मिळालेल्या अशा उत्तरात ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ असा शब्द होता. मी विचारले की, ही ‘डिग्री’ म्हणजे काय आणि त्यातली एक नेमकी कुठे खर्च होते? लगेच आणखी नऊ मुद्दे आले. तेव्हा मी विचारले की, हे तुम्ही स्वतःच्या शब्दांत, एखादे उदाहरण घेऊन सांगाल का? उत्तर चिकटवणारे सदस्य काही टाइप करत असल्याचे दिसले, मग दिसेनासे झाले, पुन्हा दिसले, आणि अखेरीस जोडलेल्या हातांचे चित्र आले. त्या हातांना 14 जणांनी अंगठा दिला. चौदा! प्रश्नाला तीन, उत्तराला अकरा, आणि उत्तर देता न आल्याच्या नमस्काराला चौदा!

चॅटबॉट माझ्याकडेही आहे. मला आयते उत्तर हवे असते तर गटात आलोच नसतो. मला हवा होता तो समोरचा अडखळणारा माणूस, जो निम्मे सांगून थांबेल, मी उरलेल्या निम्म्याचा विचार करेन, आणि दोघांनाही आपापली चूक दिसेल. आज जाणत्याच्या मदतीने जे जमते ते उद्या एकट्याला जमू लागते, हे मानसशास्त्रज्ञ लेव व्हायगॉट्स्की 1934 साली वारले त्याआधी सांगून गेले. बाळांच्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक पॅट्रिशिया कुल यांच्या 2003 मधील प्रयोगात अमेरिकेतील इंग्रजीभाषक घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन बोलणारी माणसे 12 सत्रे खेळली, तेव्हा ती बाळे त्या भाषेतील ध्वनींतला फरक ओळखू लागली. तसेच सगळे पडद्यावर दाखवले तेव्हा काहीच साधले नाही. पुढे 2018 मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांबरोबरच्या संशोधनात दिसले की पडद्यासमोर सोबत दुसरे बाळ असेल, तर पडद्यावरूनही शिकण्याच्या खुणा दिसतात. म्हणजे खोट पडद्यात नाही. दोन बाळे पडद्यासमोर बसून एकमेकांना जे देतात, ते तुम्ही 118 प्रौढ माणसे एकमेकांना देत नाही.

उत्तर मला शेवटी मिळाले. गटातल्याच एका बाईंनी खासगीत फोन केला. त्यांनाही ते येत नव्हते. आम्ही पाच संख्या घेतल्या, सरासरीपासूनची अंतरे मांडू लागलो, आणि चौथ्या अंतरापाशी त्या म्हणाल्या, ‘‘थांबा, पाचवे मांडायलाच नको, बेरीज शून्य यायची म्हणजे ते ठरलेलेच आहे.’’ मोकळी अंतरे चारच होती. वजा केलेला एक सापडला. चाळीस मिनिटे लागली, त्यांतली पंधरा चुकीच्या वाटेने गेली. हे गटात का नाही बोललात, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘तिथे सगळ्यांना येते ना!’’

कुणाला येते? अहो, कुणालाही येत नाही, आणि ‘मला येत नाही’ एवढे तीन शब्द लिहिण्याची तुम्हाला लाज वाटते म्हणून तुम्ही यंत्राकडून उसने आणलेले शहाणपण एकमेकांच्या तोंडावर फेकता. ज्यांना खरोखर विचारायचे आहे ते त्यामुळे गप्प बसतात. माझा प्रश्न अजून तिथेच आहे, तीन अंगठ्यांसह. ज्यांनी ते सात मुद्दे चिकटवले, त्यांनी ते निदान एकदा वाचावेत. त्यांतला चौथा चुकीचा आहे.