हिल्डेगार्डचं तोंड कुणी बंद ठेवलं नव्हतं

बिंगेनच्या हिल्डेगार्डबद्दल एक मजकूर हल्ली वरचेवर फिरतो. बाराव्या शतकातल्या या जर्मन संन्यासिनीला म्हणे आठव्या वर्षी भिंतीत चिणलं, तिला दिसणारी दृश्यं म्हणजे नुसती अर्धशिशी होती आणि चर्चने जन्मभर तिचं तोंड बंद ठेवलं. लिहिणाऱ्याला तिचा कळवळा आहे, हे जाणवतं. पण त्या कळवळ्यापायी तिचं कर्तृत्वच पुसलं जातंय, म्हणून हे लिहितेय.

आधी भिंतीचं. हिल्डेगार्ड 1098 सालची. आठव्या वर्षी आईवडिलांनी तिला देवाला वाहिलं, हे खरं. पण डिसिबोडेनबर्गच्या मठात युट्टा या थोरल्या संन्यासिनीबरोबर ती एकांतवासाच्या कोठडीत गेली 1 नोव्हेंबर 1112 ला, चौदाव्या वर्षी. तेही वय कोवळंच, त्याचं समर्थन मी करणार नाही. मात्र ती कोठडी म्हणजे थडगं नव्हतं. तिथे ती स्तोत्रं शिकली, आणखी मुली येत गेल्या, आणि 1136 मध्ये युट्टा वारल्यावर त्यांनीच हिल्डेगार्डला प्रमुख निवडलं. पुढे 1150 च्या सुमारास मठाधिपती कूनोचा विरोध न जुमानता तिने सगळ्यांना घेऊन बिंगेनजवळ रूपर्ट्सबर्गला वेगळा मठ थाटला. मुलींबरोबर आलेल्या मालमत्तेसाठी ती त्याच्याशी भांडलीही. तिच्या मठात फक्त खानदानी घरच्या मुलींना प्रवेश असे, ही गोष्ट मला खटकते. आंडरनाखच्या मठाची प्रमुख टेंग्सविष हिने तेव्हाच तिला त्याचा जाब विचारला होता.

अर्धशिशी असेलही. डोळ्यांपुढच्या ठिणग्यांचा उलगडा त्याने होईल. पण 26 दृश्यं तीन भागांत रचून ‘स्किव्हियास’ हा ग्रंथ पुरा करायला तिला 1141 ते 1151 अशी दहा वर्षं लागली. ते काम डोकेदुखीने केलेलं नाही.

आता तोंड बंद ठेवल्याचं. तिच्या चरित्रात नोंद आहे की 1147-48 मध्ये ट्रियरला पोप तिसऱ्या युजीनने तिच्या लेखनाचा भाग वाचून घेतला आणि तिला लिहीत राहायला सांगितलं. कोलोनमध्ये तिने प्रवचन दिलं, तर तिथल्या धर्मगुरूंनी तिचे शब्द लिहून मागवले.

तिला गप्प करायचा प्रयत्न झाला तो अगदी शेवटी, 1178 मध्ये. धर्मबहिष्कृत झालेल्या एका सरदाराला तिने मठाच्या दफनभूमीत जागा दिली होती. मरणापूर्वी त्याला चर्चने परत घेतलं होतं, असं ती सांगत होती. माइन्त्सच्या धर्माधिकाऱ्यांनी प्रेत उकरायला सांगितलं. तिने साफ नकार दिला. मग मठात मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, बंद, गाणं बंद, प्रार्थना दारं लावून हलक्या आवाजात.

तिच्या ‘ओर्दो विर्तुतुम’ या संगीतनाट्यात सगळी पात्रं गातात, एका सैतानालाच गाता येत नाही. गाणं बंद पाडणं म्हणजे काय, हे तिने कधीच मांडून ठेवलं होतं. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईने आता धर्माधिकाऱ्यांना पत्र धाडलं: पुरेशा कारणाविना जे देवाची स्तुती थांबवतात, त्यांना स्वर्गातल्या देवदूतांच्या गाण्यात जागा नाही. 1179 मध्ये बंदी उठली. प्रेत जागचं हललं नाही. मठात पुन्हा गाणं सुरू झालं आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला ती गेली.