हाताने क्रमांक टाका म्हणे!

रात्री साडेअकराला भाचीचा फोन. "मामा, प्रबंधात मध्येच एक समीकरण घातलं आणि पुढचे सगळे क्रमांक चुकले." म्हटलं, लेटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकूर आणि गणित जुळवणारी संगणकप्रणाली) लिहितेस ना? मग चुकतील कसे? तेव्हा तिने तो फॉरवर्ड पाठवला: 'लेटेकमधली समीकरणं: पाच सोप्या युक्त्या'. मला तो याआधीही दोन-तीनदा आला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

सगळ्यात अचाट सल्ला दुसरा: "आपोआप पडणारे क्रमांक बंद करून हाताने टाका, नाहीतर मजकुरात प्रश्नचिन्हं येतात." अहो, ती येतात कारण फाइल एकदाच कंपाइल केलेली (म्हणजे पानं तयार करायला लेटेकमधून चालवलेली) असते! पहिल्या फेरीत लेटेक प्रत्येक लेबलचा (समीकरणाला आपण दिलेल्या नावाचा) क्रमांक 'ऑक्स' या सहायक फाइलीत लिहून ठेवतं, दुसऱ्या फेरीत तो वाचून मजकुरात बसवतं. पुन्हा चालवा, अशी सूचनाही लॉगमध्ये, म्हणजे त्या फेरीच्या नोंदींत, येते. ती वाचायची तसदी नको म्हणून अख्ख्या प्रबंधाचे क्रमांक हाताने?

भाचीचं काय झालं ते ऐका. क्रमांक हाताने टाकलेले. (३.४) नंतर नवं समीकरण घातलं, म्हणून तिने 'शोधा-बदला' चालवून (३.५) चं (३.६) केलं. मग (३.६) चं (३.७). पण आता (३.६) मध्ये जुनेही होते आणि नुकतेच बदललेलेही, दोन्ही (३.७) झाले. असं करत ती प्रकरणाच्या टोकाला पोचली, तेव्हा (३.५) पासूनचे झाडून सगळे संदर्भ एकट्या (३.१९) कडे बोट दाखवत होते. समीकरणाला लेबल दिलं असतं आणि मजकुरात ईक्यूरेफ (लेबलावरून क्रमांक आणणारी आज्ञा) वापरलं असतं, तर हातच लावावा लागला नसता. शिवाय ईक्यूरेफ कंसही स्वतःच घालतं.

पहिली युक्ती: "अनेक ओळींसाठी ईक्यूएनअरे वापरा, ते मूळ लेटेकमधलंच आहे." मूळचं आहे, मान्य. म्हणून चांगलं? लार्स मॅडसेन यांनी २००६ साली प्रॅकटेक जर्नल या लेटेकवाल्यांच्या नियतकालिकात यावर अख्खा लेख लिहिला, त्याचं शीर्षकच 'ईक्यूएनअरे टाळा' असं आहे. पुढे त्याच विषयाच्या टगबोट या नियतकालिकातही तो आला. त्यात नमुन्यांसकट दाखवलंय की बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जादा जागा सुटते, त्यामुळे एकाच पानावर एका ओळीचं समीकरण वेगळं दिसतं आणि अनेक ओळींचं वेगळं. त्याहून वाईट म्हणजे ओळ लांबली की समीकरण सरळ स्वतःच्या क्रमांकावर छापलं जातं. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या एएमएसमॅथ पॅकेजातलं (लेटेकला जोडायच्या आज्ञासंचातलं) अलाइन अशा वेळी क्रमांक बाजूला सरकवतं. लिहायलाही सोपं: बरोबरच्या चिन्हाआधी एक अँपरसँड (&), बस. ईक्यूएनअरेत दोन लागतात.

तिसरी: समीकरण दुहेरी डॉलरच्या चिन्हांत ($$) घाला. ती डोनाल्ड कनूथच्या साध्या टेकची, म्हणजे लेटेक ज्यावर उभं आहे त्या मूळ प्रणालीची, खूण. लेटेकमध्ये तिने वरखालच्या जागा बिघडतात, आणि समीकरणं डावीकडे घ्यायचा पर्याय दिलात तर ती जुमानत नाही. बॅकस्लॅश आणि चौकटी कंस (\[ आणि \]) वापरा.

चौथी, "प्रत्येक समीकरणाला क्रमांक द्या", यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. डेव्हिड मर्मिन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८९ साली हेच सांगितलं होतं: तुम्हाला त्या समीकरणाचा उल्लेख करायचा नसेल, पण वाचणाऱ्याला करायचा असू शकतो. पण त्यांनी वेगळ्या ओळीत मांडलेल्या समीकरणांबद्दल सांगितलं, बेरीज-वजाबाकीच्या प्रत्येक पायरीबद्दल नव्हे. अलाइनमध्ये नको त्या ओळीला नोटॅग (क्रमांक न टाकण्याची आज्ञा) लावा.

पाचवी, समीकरणाच्या वर रिकामी ओळ सोडायची. त्याने परिच्छेद तुटतो. सोडू नका.

परवा भाचीचा पुन्हा फोन. सगळं लेबलवर आणलंय, दोनदा कंपाइल केलंय, तरी एका जागी प्रश्नचिन्हं आहेतच. म्हटलं, लेबलचं स्पेलिंग बघ. पलीकडे क्षणभर शांतता, मग, "ठेवते मामा."