पत्रा चांगला घेतलात, पण स्क्रू कोणते?

दिवाळी झाली की कोकणात कौलं उतरवून पत्रा घालायची कामं सुरू होतात. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. वानरं कौलं फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही, वासे-रिपांचं लाकूड परवडत नाही. त्यामुळे पत्रा घालूच नका, असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. पत्र्याची कंपनी आणि रंग यावर घरात आठवडाभर खल होतो, आणि भिंतीवरचा पट्टा, स्क्रू, कडा, पन्हळ हे सगळं फॅब्रिकेटरच्या मर्जीवर सोडलं जातं. नवं छप्पर पत्र्याच्या मधोमध क्वचितच गळतं. गळतं ते या जागांतून, आणि उडतंही इथूनच.

आधी वजनाचं गणित बघा. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, म्हणजे ३५ ते ४० किलो. ०.५० मिमीचा पत्रा तेवढ्याच जागेवर साडेचार किलोच्या आसपास. कौलारू छप्पर स्वतःच्या वजनाने बसून राहतं आणि फटींतून दाबही निघून जातो. पत्र्याचं तसं नाही. ताशी १२० किमी वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ६५ ते ७० किलो भरतो, आणि कडांना, कोपऱ्यांत, आढ्याजवळ वरच्या दिशेची ओढ याहून जास्त असते. पडवी एका बाजूने उघडी असेल तर खालूनही वारा ढकलतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वेग ताशी १०० ते १२० किमीच्या घरात होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडच्या लोकांना पुढचं सांगायला नको. पत्र्याच्या छपराला खाली बांधून ठेवावं लागतं, हे पहिल्या दिवशी डोक्यात पक्कं हवं.

म्हणून कौलं उतरवल्यावर पहिला खर्च भिंतीच्या माथ्यावर. चिऱ्याच्या भिंतीत एखादा चिरा कोरून त्यात लोखंडी प्लेट सिमेंटने बसवली तर वादळात ती चिऱ्यासकट उपटून येते. सगळ्या भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा, किमान ६ इंच उंचीचा, आत १० मिमीच्या चार सळया आणि रिंगा. कैची, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा, जिथे टेकणार तिथे वाकवलेले अँकर बोल्ट पट्टा ओततानाच सोडायचे, मागाहून भोक पाडून ठोकायचे नाहीत. सांगाड्याच्या चौकोनी पाइपची उघडी तोंडं झाकणं वेल्ड करून बंद करा, नाहीतर खारी हवा आत शिरते आणि पाइप आतून कुजतो. बाहेरचा रंग मात्र छान दिसत राहतो. रेडऑक्साइड वेल्डिंग घासून साफ केल्यावरच लावायचा.

पत्रा घेताना एकच प्रश्न विचारा: ०.५० हे रंगासकट की नुसतं पोलाद? अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा एझेड १५० थर दोन्ही बाजू मिळून ०.०४ मिमी आणि रंग साधारण ०.०३ मिमी. म्हणजे रंगासकट ०.५० असेल तर आत पोलाद ०.४३ च्या आसपास. पत्र्याच्या पोटावर जाडी आणि थर छापलेला असतो, तो वाचा आणि बिलावर तसाच लिहून घ्या. पत्रा सुमारे १०७० मिमी रुंद असला तरी शेजारच्या पत्र्यावर चढल्यावर झाकतो १ मीटरच्या आसपास. मोजणीतले वाद इथूनच निघतात. आणि गोठ्यावर हा पत्रा नको. शेणमुताच्या वाफेतला अमोनिया त्याचा थर खातो.

आता स्क्रू. १००० चौरस फुटांच्या छपराला ५०० ते ६०० लागतात, म्हणजे कोऱ्या छपराला तेवढीच भोकं पडतात. प्रत्येक भोक रबरी वॉशर सांभाळतो. तो ईपीडीएमचाच (ऊन-पावसात टिकणारं कृत्रिम रबर) हवा. साधं रबर उन्हाने तडकतं. स्वस्त पिवळसर प्लेटिंगचा स्क्रू समुद्राजवळ लवकर गंजतो आणि त्याचा तांबडा ओघळ पत्र्यालाही लागतो. कोकणच्या पावसात स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, पाणी वाहतं त्या खोलगट भागात नको. त्यासाठी लांबी निदान ५५ मिमी, खाली फोम घालणार असाल तर आणखी. मधल्या पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या पाइपवर) एकाआड एक उंचवट्याला स्क्रू चालेल, पण वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्याला हवा. पर्लिनमधलं अंतर ४ फुटांच्या वर जाऊ देऊ नका. स्क्रू किती आवळायचा? वॉशर धातूच्या टोपीबाहेर जेमतेम डोकावला की थांबायचं. पार चेपून बाहेर आला तर तो दोन-तीन वर्षांत फाटणार. तिरका बसलेला स्क्रू त्याच दिवशी काढायला लावा आणि त्या भोकात एक माप जाड स्क्रू घाला.

पत्रे कुठल्या टोकापासून लावायचे, हे फार थोडे लोक विचारतात. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. आढं दक्षिणोत्तर असेल तर उत्तरेच्या टोकापासून सुरुवात करून दक्षिणेकडे सरकायचं, म्हणजे चढवणीची (पत्र्यावर पत्रा चढतो त्या जागेची) उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. लांबीत जोड शक्यतो नकोच, अखंड पत्रा मागवा. जोड लागलाच तर निदान ६ ते ८ इंच चढवणी, मध्ये ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी). आढ्याखाली पत्र्याच्या खोलगट भागाचं टोक पकडीने वर वाकवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्याने वादळी पाऊस आढ्याच्या टोपीखालून थेट माळ्यावर येतो. पत्रा उंच भिंतीला भिडतो तिथे नुसती सिमेंटची गोलाई करू नका. ९ मीटरचा पत्रा तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने ४ मिमीहून जास्त लांबतो-आखडतो, त्यापुढे सिमेंट टिकत नाही. ओलं सिमेंट थरालाही खातं. भिंतीत इंचभर चर पाडून फ्लॅशिंगची, म्हणजे सांधा झाकणाऱ्या वाकवलेल्या पत्र्याची, पट्टी त्यात बसवायची.

ग्राइंडरने पत्रा कापणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. ठिणग्या रंग जाळतात, कापलेली कड गंजते, आणि लोखंडाचा भुसा पत्र्यावर राहिला तर पहिल्या पावसात तांबडे ठिपके उठतात. कातर किंवा निबलर (ठिणग्या न उडवता पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरायला सांगा. रोज संध्याकाळी छप्पर झाडून घ्यायचं. पत्र्यावरची प्लॅस्टिकची फिल्म लगेच काढा, उन्हात ती चिकटून बसते.

पन्हळीचा हिशोब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. १००० चौरस फुटांवर तासाला १०० मिमी कोसळला तर मिनिटाला १५५ लिटर पाणी. एवढ्याला ४ इंची एक पाइप पुरत नाही, दोन लागतात. पन्हळीला २० फुटांत सव्वा इंच उतार ठेवा.

कौलांच्या फटींतून धूर आणि गरम हवा निघून जायची, पत्र्यातून काही जात नाही. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत जाळी सोडा. नाहीतर उन्हाळ्यात भट्टी, आणि थंडीत पहाटे पत्र्याच्या पोटाला दव धरून ठिबकतं. मग लोक ती गळती समजून वर डांबर फासतात.

देखभाल वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास. मे महिन्यात आंब्या-फणसाचा पाला पन्हळीतून आणि आढ्याजवळून काढा. ओला पाला साचतो तिथे पत्रा आधी जातो. चालताना मऊ तळाची चप्पल घाला आणि पाय पर्लिनवर, म्हणजे स्क्रूंच्या ओळीतच ठेवा. शेवाळलेल्या पत्र्यावर चढूच नका. समुद्राजवळ वळचणीखालचा भाग गोड्या पाण्याने धुवा, कारण पाऊस तिथे पोचत नाही आणि मीठ तसंच राहतं. सैल स्क्रू, तडकलेले वॉशर बदला. फटीत सिलिकॉन भरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, ते थराला खातं. न्यूट्रल क्युअर मागा.

आणि काम चालू असतानाच त्याच लॉटचे दोन पत्रे, एक आढ्याची टोपी आणि शंभरेक स्क्रू जास्तीचे घेऊन ठेवा. पत्रे एकावर एक सपाट रचून मांगरात (घराजवळच्या खोपटात) टाकू नका. मध्ये ओल राहिली तर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पडतात. मध्ये पट्ट्या घालून तिरके उभे ठेवा. पुढे नारळ पडून एखादा पत्रा फाटला तर तीच छटा बाजारात मिळेलच असं नाही.