आज काय खाल्लंस?

आमच्या घरी बाळ रडलं की बाळाकडे कोणी बघत नाही. सगळे माझ्याकडे बघतात. "आज काय खाल्लंस?"

बाळंतपणाला रत्नागिरीला माहेरी आले, तेव्हा लाड होतील असं वाटलं होतं. झाले की, पण ते दुधाचे. मी आपली किटली.

पहाटे शतावरीचं दूध, त्यावर डिंकाचा लाडू. दहाला अळिवाची खीर. जेवायला मऊ भात, मेतकूट आणि तूप. तूप इतकं की भात शोधून काढावा लागे. वर ओवा, बाळंतशेप, खोबरं भाजून केलेली सुपारी. चार वाजता मेथीचा लाडू. तो कडू म्हणून गूळ जास्त, गूळ उष्ण म्हणून परत तूप. माझं स्वतःचं पोट दुखलं तर त्याची चौकशी मात्र कोणी केली नाही.

आईचा खरा भरवसा मोरी माशावर. मोरीचं कालवण खाल्लं की बाळंतिणीला दूध येणारच, हे आमच्याकडे भरती-ओहोटीइतकं पक्कं. सासूबाई कोल्हापूरच्या. त्या व्हिडिओ कॉलवरून म्हणाल्या, "विहीणबाई, माशानं काय होतंय? पायाचा रस्सा पाजा तिला." आईला मोरीचा अपमान सोसत नाही, पण विहिणीशी भांडायचं कसं? मग दुपारी मोरी, रात्री पाया. दोन्ही घरांचा सलोखा माझ्या पोटात झाला.

शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिले 6 महिने रोज साधारण 600 कॅलरी जास्त लागतात. घरचं सगळं खा, तहान लागेल तसं पाणी प्या, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका. दूध बाळाच्या पिण्यावर असतं, ते जितकं ओढेल तितकं तयार होतं." घरी येऊन मी हिशेब मांडला. त्या 600 कॅलरी आमच्याकडे सकाळी आंघोळीच्या आतच पोटात जात होत्या. अळिवात लोह भरपूर असतं, एवढं बाईंनी जाता जाता कबूल केलं होतं. आई त्या एका वाक्यावर आठवडाभर ताठ मानेनं फिरली. "सगळं खा" हे मात्र तिला ऐकूच आलं नाही. "बाईंना स्वतःची मुलं आहेत का?" एवढंच तिनं विचारलं.

वांगं, गवार, कोबी, वाटाणा, हरभऱ्याची डाळ: सगळं बंद. वातूळ. मी खायचं आणि बाळाच्या पोटात दुखायचं.

एका संध्याकाळी शेजारच्या काकूंकडून वांग्याचे काप आले, अर्थात माझ्यासाठी नव्हेत. मागच्या पडवीत उभ्या उभ्या मी चार खाल्ले. चोरून काही खाण्यात इतका आनंद शाळेनंतर प्रथमच मिळाला. मग रात्रभर डोळा नाही. आता रडेल, मग रडेल. बाळ सलग पाच तास झोपलं.

"बघितलंस?" आई सकाळी म्हणाली. "मोरी लागू पडली."

"पाया हो, पाया," फोनमधून सासूबाई.

मी बडीशेप चावत गप्प.

दुसऱ्या दिवशी मी अगदी शहाण्यासारखी मेतकूट-भात जेवले. रात्री अकरापासून बाळानं असा काही सूर लावला की समोरच्या घरातले दिवे लागले. चौकशी बसली. भात? निर्दोष. तूप? प्रश्नच नाही.

"आई, मेतकुटात हरभऱ्याची डाळ असते ना गं?" मी हळूच विचारलं.

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मेतकूट तिनं स्वतः भाजून, दळून आणलेलं. त्याच्यावर आळ घेणं म्हणजे साक्षात आजीवर घेणं. ती क्षणभर थांबली. मग तिची नजर कोपऱ्यात पेंगणाऱ्या माझ्या नवऱ्यावर गेली. तो बिचारा संध्याकाळच्याच एसटीनं आला होता.

"जावईबापू, येताना स्टँडवर काय खाल्लंत?"

"वडापाव," तो दचकून म्हणाला.

"तरीच."