भूकंपाआधीचं गाव कुठं आहे?

किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसित झालेल्या एका गावाच्या भिंतीवर मुलांनी ३० सप्टेंबर १९९३ ची, भूकंपाची पहाट रंगवली आणि त्यातून 'गावाचा इतिहास जपला गेला', असं एका लेखात म्हटलंय. मला ते पटलं नाही. त्या पहाटे जुनं गाव संपलं. इतिहास त्याच्या आधीचा आहे आणि तो या चित्रात कुठंच दिसत नाही. आम्ही सास्तूरकडचे, त्याच भूकंपाच्या पट्ट्यातले. आमच्या घरातल्या लेकरांना भूकंपाची वेळ, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं, पाठ आहे, पण माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर त्यांनी पाहिलेलंच नाही. दगडमातीच्या जाडजूड भिंती, तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर, भिंतीत धान्य साठवायचं बळद आणि दिवा ठेवायची देवळी. त्याच मातीच्या ओझ्याखाली माणसं दबली, म्हणून मागं राहिलेल्यांनी ती घरं मनातून काढूनच टाकली. ते मी समजू शकते. पण उन्हाळ्यात सगळी गल्ली त्याच माळवदावर झोपायची, कुरडया तिथंच वाळायच्या. हे कोण रंगवणार?

मुलांच्या हातात ब्रश दिला हे फार चांगलं केलं. आता त्यांना म्हाताऱ्यांजवळ बसवा. वेस कुठं होती, आड कुठल्या गल्लीत, कुणाच्या भिंतीला कुणाची भिंत, आणि वेशीबाहेर कुणाला ठेवलं होतं तेसुद्धा, न लपवता. नव्या गावात घरं रांगेत आली आणि जुना शेजार तुटला. माझी आत्या अजून अख्ख्या गल्लीतली घरं ओळीनं सांगते. अशा बायका आता थोड्याच उरल्यात, पुढची भिंत रंगवायच्या आधी त्यांच्याकडे जा.